गॅस संपला असन!

"गॅस संपला असन, काकाजी. टाकून देऊ का?"

एवढं निदान करायला नागपुरातल्या मिस्त्रीला बॉनेट उघडावं लागत नाही. मे महिना, पंधरा वर्षांची गाडी, गार न करणारा एसी, चारही काचा खाली आणि मालकाच्या डोक्याला ओला दुपट्टा, एवढी लक्षणं त्याला पुरतात. मालकही लगेच मान डोलावतो, कारण 'संपला' हे आपल्या ओळखीचं दुःख आहे. पेट्रोल संपतं, सिलिंडर संपतो, पगार संपतो, तसाच हाही संपला असणार.

पण एसीचा गॅस जळत नाही की झिजत नाही. बंद नळ्यांतून तोच तो, घाण्याच्या बैलासारखा फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे, आणि गळती न शोधता वरून टाकलेला गॅस फुटक्या माठातल्या पाण्याच्याच वाटेने जातो. म्हणून माझ्या मते गॅसचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याआधी फुकटात तपासण्यासारखं पुष्कळ आहे.

खरं तर नागपूरकराला हे शिकवायची गरज पडू नये. होळी झाली की हाच माणूस कूलर बाहेर काढतो, टाकीला आतून डांबर मारतो, ताट्यांतलं जुनं वूडवूल फेकून नवं भरतो, पंप बादलीत बुडवून बघतो. जाळी चोंदली तर हवा येणार नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. गाडीच्या पुढच्या जाळीआडही तसलीच एक ताटी उभी असते, तिचं नाव कंडेन्सर. तिच्यावर सिमेंट रोडची धूळ, किडे आणि उन्हाळ्यात उडणारा सावरीचा कापूस, असं सगळं वर्षानुवर्षं जमत असतं. तिच्याकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही.

बाहेर 45 अंश असताना कंडेन्सरला गाडीतली उष्णता बाहेर फेकायची असते. त्यासाठी आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम लागतो, साधारण 60 ते 65 अंश. म्हणजे तिथलं प्रेशर 230 ते 260 पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). हवा नीट खेळली नाही की हा आकडा आणखी चढतो आणि थंडावा उतरतो.

निदानाची सोपी जागा म्हणजे व्हरायटी चौकाचा सिग्नल. सिग्नलवर एसी कोमट आणि वर्धा रोडला गाडी पळायला लागली की गार, असं होत असेल तर आधी कंडेन्सरच्या पंख्यावर संशय घ्यावा. चालत्या गाडीत वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यानेच आणायचा असतो. पंखा फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नये. मोटरमधले ब्रश झिजले की तो फिरतो, पण पाहुण्यांसमोर काम करणाऱ्या पोरासारखा. एसी लावून पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरावं. पान जाळीला चिकटलं पाहिजे. फडफडून खाली पडलं तर मोटर थकली, आणि उलट तोंडावर आलं तर कुणीतरी दुरुस्तीत दोन वायरी उलटसुलट जोडल्यात. मग पंखा पुढून हवा ओढायचं सोडून इंजिनची गरमी कंडेन्सरवर फुंकत बसतो. दोन पंख्यांच्या गाडीत एक मेला तरी महिनोन्‌महिने कळत नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. इंजिन आणि एसी चालू ठेवून कंडेन्सरवर नळीने हलकं पाणी सोडावं. दोन-तीन मिनिटांत आतली हवा चांगली गार झाली तर गुन्हेगार सापडला: घाण किंवा पंखा. मग गाडी बंद करून, थंड होऊ देऊन, आतून बाहेर असं धुवावं. खरा गाळ कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो, समोरून सगळं लख्ख दिसलं तरी. सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशर गन जवळून मारू देऊ नका. कंडेन्सरची नाजूक पातळ पाती आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बंद.

आतल्या बाजूच्या भानगडी छोट्या, पण बेरकी. बाहेरची हवा घ्यायचा खटका चुकून उघडा राहिला तर तो एसी गाडीला नाही, अख्ख्या सीताबर्डीला गार करायला निघालेला असतो. आणि हीटरची केबल सैल झाली तर इंजिनचं 90 अंशांचं पाणी डॅशबोर्डात फिरत राहतं. एका हाताने कूलिंग कॉइल गार करते, दुसऱ्या हाताने हीटर तापवतो, सरकारी काम! हीटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत हीटरचे दोन्ही पाइप हाताला चटका देत असतील तर तिथे बघा.

अर्धा तास गार, मग अचानक गरम, थोडं थांबलं की पुन्हा गार? यात दोन आरोपी. एक, गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा मॅग्नेट क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारी चुंबकी पकड: झिजून फट वाढलेली असते आणि क्लचची कॉइल तापली की चुंबकाची ओढ कमी पडते. बऱ्याच गाड्यांत ही फट 0.3 ते 0.6 मिलिमीटर हवी. आतली एक पातळ चकती काढली की काम होतं, आणि मिस्त्री मात्र अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगतो. दुसरा, आत शिरलेली ओल. ती एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणाऱ्या बारीक वाटेच्या, तोंडाशी बर्फ होऊन बसते, वितळली की रस्ता मोकळा.

एवढं सगळं ठीक निघालं तरच गॅस. सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला की गळती तिथेच, कारण गॅसबरोबर तेलही येतं. बहुतेक वेळा दोष सांध्यातल्या एका क्षुल्लक रबरी ओ-रिंगचा. सिस्टिम उघडली की ओल शोषणारा ड्रायर बदलावा, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, मग पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलतो का ते पाहणं. ही पंधरा मिनिटं वाचवण्याकडे मिस्त्रीचा कल असतो, कारण चहा आलेला असतो. गॅस वजनाने भरावा. लहान गाडीला साधारण 350 ते 500 ग्रॅम, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर. बंद गाडीतलं प्रेशर बघून भरणाऱ्यापासून सावध! 45 अंशांत आत थोडासा द्रव गॅस असला तरी काटा दीडशेच्या आसपास दाखवतो आणि पूर्ण भरलेला असला तरी तितकाच. 'काकाजी, थोडा जास्त टाकून देतो' हे प्रेम तर नकोच. जादा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जागा अडवतो, प्रेशर चढतं, थंडावा घटतो.

सगळं जमल्यावर मधल्या झरोक्यात थर्मामीटर खुपसा. भर दुपारी चालत्या गाडीत 10 ते 14 अंश आले तर खुशाल मिशीला पीळ द्यावा. चिखलदऱ्याची अपेक्षा ठेवू नये.

गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून मे महिन्यात घाबरू नका, तेव्हा हवेतच पाणी नसतं. जुलैतही ठिबकलं नाही आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाचे मोजे ओले झाले, तर कूलिंग कॉइलची निचरा नळी चोंदली आहे. गाडीखाली शिरून ती तारेने मोकळी करता येते. फक्त तोंड बाजूला ठेवा, आणि बंदही.