केकमधली रम उडून जाते काय?

डिसेंबर उजाडला की कोल्हापुरातल्या घरगुती केकवाल्यांच्या आणि हौशी सुगरणींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप दरवर्षी न चुकता फिरू लागतो. यंदा तो मला तीन गटांतून आला आणि तिन्ही ठिकाणी त्याखाली टाळ्यांची चित्रे होती. त्याचा मजकूर थोडक्यात असा: रममध्ये भिजवलेल्या फळांचा अपसाइड डाउन केक (फळे तळाशी मांडून भाजायचा आणि मग ताटात उलटा करायचा) घरातल्या कोणीही, अगदी लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनीही, निर्धास्त खावा, कारण मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, ओव्हन १८० अंशांवर असतो, त्यामुळे दहा मिनिटांत सगळी रम उडून जाते आणि मागे फक्त वास राहतो. केक काढल्यावर वरून ओतलेली रमही त्याच्या उष्णतेने उडते. मात्र अननस डब्यातलाच घ्यावा, ताज्याने केक फसतो. फळे वर्षभर रममध्ये मुरलेली असावीत. आणि रम नसेल तर हा केक करूच नये.

हा निरोप एरवी मी वाचून पुसून टाकला असता. पण मागच्या नाताळात आमच्या समोरच्या घरातली लेक बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. मी कोणाच्या तरी ऑर्डरीचा केक ताटात उलटा करत असताना ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, ओव्हनमधनं निघालाय म्हणजे दारू राहिली नसणार की. एक तुकडा खाऊ काय?" हातातल्या फोनवर हाच निरोप होता. मी नाही म्हटले, ती हिरमुसली, आणि का नाही ते मला उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगता येईना. ते आता सविस्तर सांगते.

७८ अंशांचा आकडा खोटा नाही. शुद्ध मद्यार्क साधारण ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतो. घोटाळा त्यापुढे आहे. एखादा द्रव उकळू लागला म्हणजे तो संपला, असे निदान कोल्हापूरकराने तरी समजू नये. पाणी शंभर अंशांना उकळते आणि तांबडा रस्सा तासभर रटरटतो, तरी तो पातेल्यात राहतोच की. दहा मिनिटांत कोरडा पडत नाही. शिवाय १८० अंश हे ओव्हनमधल्या हवेचे तापमान असते, केकचे नव्हे. केकमध्ये ओलावा आहे तोवर त्याच्या आतले तापमान शंभराच्या वर जात नाही. तयार झालेल्या केकच्या मध्यभागी मी सुईचा थर्मामीटर खुपसते तेव्हा आकडा ९६ ते ९८च्या दरम्यान थांबतो, आणि तोही शेवटच्या काही मिनिटांत. सुरुवातीला मधला भाग त्याहून पुष्कळ थंड असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मद्यार्क आणि पाणी एकदा एकमेकांत मिसळले की ते आपापल्या अंशांवर वेगवेगळे निघून जात नाहीत. मिश्रण उकळते तेव्हा वाफेत दोन्ही असतात, आणि मद्यार्क जसजसा कमी होतो तसतसा उकळबिंदू शंभराकडे सरकतो व वाफेतला पाण्याचा वाटा वाढत जातो. उरलासुरला मद्यार्क घालवायचा तर त्याच्याबरोबर पाणीही घालवावे लागते, आणि केकमधले पाणी घालवले तर तो केक राहणार नाही, टोस्ट होईल. याचा पुरावा पाहायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात साखर कारखान्यांना लागून मळीपासून मद्यार्क काढणारे प्रकल्प आहेत, आणि रमही मुळात मळीचीच. ७८ अंशांना तापवले की मद्यार्क पाण्यापासून सुटा होत असता, तर ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे मिश्रण उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून मद्यार्क वेगळा काढण्याचे, एवढे उंच मनोरे उभारण्याची गरजच पडली नसती. गुऱ्हाळातल्या एका काहिलीवर काम भागले असते. त्या मनोऱ्यांतूनही साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधले उरलेले पाणी काढण्यासाठी आणखी वेगळी प्रक्रिया करावी लागते.

किती मद्यार्क उरतो, हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने याचा एक तक्ता प्रसिद्ध केलेला आहे आणि त्यामागचे प्रयोग १९९२ साली छापून आले. पदार्थात मिसळलेला मद्यार्क पंधरा मिनिटे शिजवल्यावर सुमारे ४० टक्के उरतो, अर्ध्या तासाने ३५ टक्के, एका तासाने २५ टक्के, आणि अडीच तास शिजवूनही ५ टक्के शिल्लक राहतो. उलट्या केकमध्ये तर फळे तळाशी असतात आणि त्यांच्यावर दोन इंच पिठाचे पांघरूण असते, म्हणजे वाफेला वाट काढणे आणखी कठीण. एकदा केक बसल्याचा संशय आला म्हणून मी विसाव्या मिनिटाला ओव्हनचे दार उघडले (उघडू नये, तेव्हा तो खरोखरच बसला) आणि रमची अशी वाफ अंगावर आली की नाक झणझणले. सगळी रम दहाव्या मिनिटालाच उडालेली असती तर विसाव्या मिनिटाला झणझणायला काय उरले होते?

आता माझ्या केकचा हिशेब मांडते. आठ इंची भांड्याला अननसाच्या सात चकत्या लागतात. त्या मी ६० मिलि रममध्ये दोन तास भिजवते आणि भिजवून उरलेली रम वाया न घालवता पिठात ओतते. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते, म्हणजे ६० मिलि रममध्ये साधारण २० ग्रॅम मद्यार्क आला. पाऊण तास भाजल्यावर ३० टक्के उरला असे धरले तर ६ ग्रॅम होतात आणि आठ तुकडे केले तर प्रत्येकात पाऊण ग्रॅम येतो. एवढ्यावर थांबले तर आकडा खरोखर लहान आहे, हे मी मान्य करते.

पण निरोपाचा सगळ्यात घातक दावा यानंतरचा आहे. भाजलेल्या केकवर ओतलेली रम उडते, हे अजिबात खरे नाही. गरम केकला काट्याने टोचे पाडून आपण वरून रम ओततो ती तो आत शोषून घ्यावा म्हणूनच. ओव्हन तेव्हा बंद झालेला असतो आणि केक निवत असतो. त्याच तक्त्यानुसार उकळता पदार्थ आचेवरून उतरवून त्यात मद्य घातले तर ८५ टक्के मद्यार्क राहतो, आणि न तापवता रात्रभर ठेवले तरी ७० टक्के. मी वरून ४५ मिलि ओतते, त्यात १५ ग्रॅम मद्यार्क असतो. त्यातला ७० टक्केच राहिला असे धरले तरी साडेदहा ग्रॅम होतात. आधीचे ६ मिळवले की आठ तुकड्यांत मिळून साडेसोळा ग्रॅम, म्हणजे एका तुकड्यात दोन ग्रॅमच्या थोडे वर. ३० मिलिच्या छोट्या पेगमध्ये दहा ग्रॅम असतात. तेव्हा एक तुकडा म्हणजे पेगचा पाचवा हिस्सा झाला. हा हिशेब अंदाजाचा आहे, भांडे रुंद असेल तर थोडे जास्त उडेल, पण शून्य कोणत्याही भांड्यात येणार नाही.

वास राहतो पण दारू राहत नाही, या वाक्यावर फार शब्द खर्च करत नाही. रमचा वास मद्यार्काखेरीज इतर अनेक द्रव्यांचा असतो, त्यामुळे वासावरून मद्यार्क मोजता येत नाही, उरला आहे असेही नाही आणि नाही असेही नाही. निरोपाखाली कोणीतरी सुचवले होते की रम ओतून पेटवून द्यावी. ज्वाळा डोळ्यांना मोठी दिसते, पण ती विझल्यावरही सुमारे ७५ टक्के मद्यार्क मागे असतो. उलट, ४० टक्क्यांच्या आसपासच्या मद्याची वाफ २६ अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते, आणि आपल्या स्वयंपाकघरात एवढे तापमान एप्रिल-मेमध्ये न तापवताच असते. म्हणून रम घालताना कढई उतरवून गॅस बंद करावा आणि बाटलीतून थेट न ओतता वाटीत मोजून घ्यावी.

मग कोणी खावा? धडधाकट प्रौढ माणसाला एका तुकड्याने काही होत नाही, आणि घाबरवणारे दुसऱ्या टोकाचे निरोपही मी तितकेच चुकीचे मानते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. साठ किलोच्या माणसाने एक तुकडा खाल्ला तर त्याच्या रक्तातला मद्यार्क या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहील. (तोंडात घास असतानाच फुंकायला लावले तर यंत्र वेगळे बोलेल, ती गोष्ट निराळी.) पण गरोदरपणात मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलाचे वजन पंधरा किलो असते आणि तो एका तुकड्यावर थांबत नाही. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्यांना तर अन्नातून येणारा मद्यार्कही टाळायला सांगितलेले असते. आणि गळ्यात माळ असलेल्या माणसाच्या बाबतीत किती ग्रॅम उरले हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याला रम घातली होती की नाही एवढेच जाणून घ्यायचे असते, आणि ते न सांगता त्याच्या ताटात तुकडा ठेवणे ही फसवणूक आहे. माझ्या प्रत्येक खोक्यावर मी "यात रम आहे" अशी चिठ्ठी लावते. तिच्यामुळे दोन ऑर्डरी गेल्याही, त्या गेलेल्या बऱ्या.

ताज्या अननसाने केक फसतो, या समजामागे अर्धे सत्य आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिने तोडणारे द्रव्य असते. त्यामुळे जिलेटिनची जेली जमत नाही आणि अननसात दूध घालून ठेवले तर ते कडू होते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने त्यात हा त्रास नसतो. पण सत्तर अंशांच्या वर ब्रोमेलेन निकामी होऊ लागते आणि केक तर शंभराजवळ जातो, त्यामुळे इथे ती भीती निराधार आहे. ताज्या अननसाने केक बिघडतो तो पाण्यामुळे. मंडईतून आणलेल्या पिकल्या अननसाच्या चकत्या अर्ध्या इंचाहून जाड ठेवू नयेत, डोळे नीट काढावेत, आणि भिजवलेल्या चकत्या निथळून कढईत ६० ग्रॅम लोणी व १०० ग्रॅम किसलेल्या गुळात मंद आचेवर परताव्यात. आधी रस सुटून सगळे पातळ होते आणि काहीतरी चुकले असे वाटते. तिथे धीर सोडू नये. पाच-सात मिनिटांत बारीक फेसाचे मोठे, आळशी बुडबुडे होतात, चकत्यांच्या कडा काचेसारख्या दिसू लागतात आणि गुऱ्हाळात पाक उतरवण्याआधी येतो तसा वास येतो. मग त्या भांड्यात मांडाव्यात. परतताना आणखी थोडा मद्यार्क जातो, तेवढी सूट वरच्या हिशेबात धरावी. भाजून झाल्यावर दहा मिनिटे थांबून केक उलटा करावा. लगेच केला तर फुटतो, अर्ध्या तासाने केला तर गूळ तळाशी धरतो. चकतीच्या मधल्या भोकात बाजारची लाल चेरी घालणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ती बहुतेक वेळा पाकातले रंगवलेले करवंदच असते. मी चंदगडचा काजू घालते.

फळे वर्षभर मुरवण्याची रीत नाताळच्या दाट प्लम केकची आहे आणि तिथे ती शोभते, कारण त्यात मनुका, सुके अंजीर अशी सुकी फळे असतात. तीसुद्धा कोमट रममध्ये एका रात्रीत टम्म फुगतात. ताजा अननस मात्र मुळातच रसाने भरलेला असतो. तो महिनोन्‌महिने ठेवला तर रस बाहेर येऊन रम पातळ होते आणि चकत्या गिळगिळीत पडतात.

राहता राहिला रमशिवाय हा केक होत नाही हा दावा. अननसाचा उलटा केक अमेरिकेत घरोघरी पोहोचला त्यात १९२५ साली हवाईयन पाइनॅपल कंपनीने घेतलेल्या पाककृतींच्या स्पर्धेचा मोठा हात होता. साठ हजार पाककृतींतल्या सुमारे अडीच हजार याच केकच्या होत्या, असे सांगितले जाते. त्या वर्षी अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी होती. ती १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे चालली, आणि केकचे तिच्यावाचून काही अडले नाही. रमची जी खोल, किंचित जळकी गोडी आपल्याला आवडते तिचे मूळ उसाच्या मळीत आहे, आणि मळीची थोरली बहीण आपल्याकडे काकवीच्या रूपाने बरणीत असते. तीन मोठे चमचे काकवी, अर्ध्या संत्र्याचा रस, चिमूटभर जायफळ आणि दोन लवंगांची पूड एकत्र कोमट करून तेच टोचे पाडलेल्या केकवर ओतावे. मागच्या वर्षी समोरच्या घरातल्या त्या लेकीसाठी मी दुसऱ्या दिवशी असाच केक केला. तिने दोन तुकडे तिथेच कट्ट्यावर बसून खाल्ले आणि तिसरा आईसाठी म्हणून डब्यात नेला. तो आईपर्यंत पोहोचला नाही, असे नंतर आईकडूनच कळले.