‘डॉक्टरांनाच काही ठाऊक नव्हतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या औषधाच्या दुकानात परवा एका जुन्या गिऱ्हाईकाने मोबाईल पुढे केला. “वाचा हो, सगळं पटतंय.” बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरणारा तोच मेसेज. आधी मास्क नको म्हणाले, मग सक्ती केली. आज एक औषध, उद्या दुसरं. रिपोर्ट आज निगेटिव्ह, चार दिवसांनी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनाच काही ठाऊक नव्हतं, म्हणजे कोरोना हे कंपन्यांचं थोतांड. आणि शेवटी, आपल्या वाडवडिलांनी कुठे लशी घेतल्या होत्या?

मे २०२१ मध्ये याच गिऱ्हाईकाचा धाकटा भाऊ माझ्या बाकावर बसून गप्पा मारत होता. दम लागल्याची खूणही नव्हती. सहज बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ८२, म्हणजे धोक्याइतका कमी. तो आज नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मास्कचं आधी. सुरुवातीला समज असा होता की खोकणारा, तापलेला माणूसच रोग पसरवतो. शिवाय मास्क तुटपुंजे, ते दवाखान्यातल्या लोकांना हवे होते. पुढे कळलं की लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होते. मग जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी कापडी मास्कचा सल्ला दिला. एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची खरी आहे. मार्च २०२० मध्ये याच संघटनेने ‘हा रोग हवेतून पसरत नाही’ असं ठासून सांगितलं होतं, आणि ते चुकीचं निघालं. ‘अजून माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. आम्ही तेव्हा घरोघर भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होतो, आणि बंद खोलीतली हवा तशीच राहिली.

औषधांबद्दल मी जास्त बोलणार, कारण ते माझ्या काउंटरवर घडलं. त्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीसाठी अशी झुंबड उडाली की ती गोळी रोज लागणारे संधिवाताचे पेशंट रिकाम्या हाताने परत गेले. मग चाचण्या झाल्या. कोणाला औषध द्यायचं, कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून दोन्हीकडचे रुग्ण मोजले, आणि गोळीचा उपयोग नाही हे दिसलं. प्लाझ्माचं, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याचंही तेच. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर पाहिलं, फायदा दिसला नाही, आणि मे २०२१ मध्ये तो उपचार यादीतून काढला. उशीर झाला, हे माझं मत.

अन् टिकलं काय? डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. साठ वर्षं जुनं, माझ्या दुकानात कायम असणारं, काही रुपयांचं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काही फायदा नाही. कंपन्यांचं कारस्थान असतं तर एवढं स्वस्त औषध पुढे आलंच नसतं.

रिपोर्टचं सोपं आहे. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून इकडे कर्नाटकात येताना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. आमच्या अर्ध्या सोयरिकी कोल्हापूर, चंदगडकडच्या, त्यामुळे सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तो कागद धरून उभं राहिलेले घरोघर सापडतील. पण लागण झाल्यावर पहिले एक-दोन दिवस नाकात विषाणू इतका कमी असतो की आरटीपीसीआर चाचणीला तो सहसा सापडत नाही. लक्षणं साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास येतात. सोमवारी निगेटिव्ह आणि शुक्रवारी पॉझिटिव्ह, हे दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात.

हे लोकांना तेव्हाच का कळलं नाही? आमच्या गल्लीत वाटलेलं सूचनापत्रक फक्त कन्नडमध्ये होतं. शेजारच्या मावशी ते घेऊन दुकानात आल्या, “काय लिवलंय, सांगा की.” व्हॉट्सअॅपवरचं खोटं मात्र अस्सल मराठीत आलं होतं, त्यांना समजेल असं. या मेसेजवर विश्वास ठेवणाऱ्यांवर मी म्हणूनच चिडत नाही.

राहिले वाडवडील. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोत बेळगावकर सकाळी फिरायला जातात, तिथे देवी रोगाची लस तयार व्हायची. त्या गिऱ्हाईकाला मी बाही वर करायला सांगितलं. दंडावर देवीच्या लशीचा गोल वण होता.