निम्मा साठा एका वर्षात : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या काल्पनिक देशाने आपला अण्वस्त्रांचा साठा एका वर्षात निम्म्यावर आणला, या माझ्या लिखाणावरची आपली प्रतिक्रिया वाचली. 'लेखक महाशय, घरबसल्या देश उभा करणं सोपं असतं. चार हजार अण्वस्त्रं एका वर्षात दोन हजारांवर? काहीही! आधी अभ्यास करा,' असं आपण लिहिलंत. मतभेदाला माझी ना नाही. पण हे 'महाशय' आणि ते 'काहीही!' कशासाठी? माझ्या काल्पनिक देशाच्या इतिहासाबद्दल शंका असेल तर ती सरळ विचारता येते. बाकीचे वाचक विचारतातच ना!

आता अभ्यासाचं. अमेरिकेचा अण्वस्त्रांचा साठा १९९१ साली १९,००८ होता, १९९२ साली १३,७०८. आकडे त्यांच्याच सरकारने जाहीर केलेले. म्हणजे वर्षभरात पाच हजारांवर अस्त्रं कमी. तेवढी मोडली का? छे! थोरल्या बुशसाहेबांनी सप्टेंबर १९९१ मध्ये जमिनीवरची कमी पल्ल्याची आणि जहाजांवरची अस्त्रं काढून घ्यायचं ठरवलं. अस्त्र निवृत्त झालं, म्हणजे वापरातून काढलं, की साठ्याच्या हिशोबातून बाहेर पडतं. मोडणीची रांग वेगळी, टेक्सासमधल्या पॅन्टेक्स कारखान्यात. तिथे गोल खोल्या आहेत आणि छतावर खडीचा ढीग. स्फोटकं सुटी करताना काही झालंच, तर छत कोसळावं आणि खडीने प्लुटोनियम आतच गाडून टाकावं म्हणून. असल्या खोलीत कोण घाई करील? एकेक अस्त्र सुटं होतं, आणि त्यातला प्लुटोनियमचा गाभा तरीही कोठारात पडून राहतो.

माझी उभी नोकरी भांडारात गेली. निर्लेखन झालेला, म्हणजे हिशोबातून काढून टाकलेला, माल मागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात असतो आणि वहीत शिल्लक शून्य असते, हे मला कुणी शिकवायला नको. आपण कधी साठ्याची नोंदवही हातात धरली आहे का? नसेल, तर 'काहीही' जरा जपून वापरा.

एक मान्य. माझ्या देशाच्या साठ्याच्या तक्त्यात निवृत्त अस्त्रांचा वेगळा रकाना असता तर बरं झालं असतं. घालतो. त्याने मुद्दा तसूभरही बदलत नाही.

राहिलं 'मोडल्याची खात्री कोण करणार?' हे. दक्षिण आफ्रिकेने सहा बॉम्ब आधी मोडले, तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत सांगितलं ते मार्च १९९३ मध्ये, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तपासणी केली. झालंच की! शेजारी राष्ट्र गप्प कसं बसलं, यावर आपण जे तीन परिच्छेद खर्ची घातलेत, ते सगळं पुढच्या भागात येणार आहे. तेवढा धीर नसेल तर माझा इलाज नाही.