जर्मनीतले २०१५ चे निर्वासित अजून बसून खातायत? नाही, आकडे वेगळंच सांगतात

फॉरवर्ड फिरतोय की २०१५ ला जर्मनीत आलेले सिरियन, अफगाण वगैरे निर्वासित बहुतेक सगळे अजून सरकारी भत्त्यावरच जगतायत. हे चूक आहे. न्यूरेंबर्गची आयएबी ही रोजगारावर संशोधन करणारी संस्था याच लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतेय, आणि तिच्या हिशोबात २०२४ मध्ये त्यांच्यातले ६४ टक्के नोकरीत होते, जर्मनीची एकूण सरासरी ७० च्या आसपास. पुरुष तर ७६ टक्के, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या सरासरीपेक्षा जास्तच!

मग गैरसमज कुठून होतो? सुरुवातीच्या वर्षांचे आकडे खरंच खूप कमी होते, पण तेव्हा आश्रयाचा अर्ज अडकलेला, सुरुवातीचे काही महिने कामाला कायद्यानेच बंदी, वर ६०० तासांचा भाषेचा कोर्स, डिग्रीला मान्यता मिळवायची धावपळ, मग नोकरी मिळणार कधी आणि कशी? तेवढेच आकडे उचलून आजचं चित्र म्हणून दाखवणं चुकीचंय.

सगळं छान झालंय असंही नाही हां. बायकांमध्ये नोकरीचं प्रमाण फक्त ३५ टक्के आहे, लहान मुलं आणि पाळणाघरांची टंचाई हे त्यामागचं मोठं कारण, आणि पगारही सरासरीपेक्षा बराच कमी. बोलायचंच असेल तर यावर बोला ना.