शंभर शेंगदाण्यांची पावती

राजकारणात मोठं व्हायचंय ना? मग जन्म कुठे घ्यायचा ते आधी नीट ठरवा. तोक्यो टाळा, तिथे सगळं आधीच झालेलं असतं. निइगातासारखा प्रांत बघा: जपान समुद्राच्या बाजूचा, हिवाळ्यात घराबाहेर पडायचं तर आधी फावडं हातात घ्यावं लागेल असा, आणि डोंगरापलीकडे कोरड्या उन्हात बसलेल्या तोक्योवाल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या खार खाऊन असलेला. पुढे जपानचे पंतप्रधान झालेल्या काकुएइ तानाका यांनी 1918 साली हीच जागा निवडली. वडील गुराढोरांचे व्यापारी, घोड्यांच्या नादापायी कर्जात. शिक्षण उच्च प्राथमिकपर्यंत, पुढे तोक्योत रात्रीची तांत्रिक शाळा. हे लपवायचं नसतं. 1962 मध्ये अर्थमंत्री झाल्यावर तोक्यो विद्यापीठाच्या पदवीधरांनी गच्च भरलेल्या खात्यापुढे तानाकासाहेबांनी पहिल्याच भाषणात आपली शाळा सांगून टाकली. वर, काम तुम्ही करा, जबाबदारी माझी, असंही बजावलं. अधिकारी विरघळले.

पहिलं आश्वासन शक्य कोटीतलं देऊ नये. 1946 च्या प्रचारात साहेबांनी सांगितलं की निइगाता आणि तोक्योच्या मधला मिकुनी घाटाचा डोंगरच उडवून देऊ. मग बर्फाचे ढग सरळ तोक्योकडे जातील, आणि निघालेली माती समुद्रात टाकली की समोरचं सादो बेटही जमिनीला जोडलं जाईल. ती निवडणूक ते हरले. पण 1947 ला निवडून आले, आणि डोंगर का उडाला नाही हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. रस्त्याचं आश्वासन द्याल तर लोक खड्डे मोजतात.

यानंतर एकदा तुरुंगात जाऊन या. लवकर उरकलेलं बरं. 1948 च्या डिसेंबरात, कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणावरून झालेल्या लाच प्रकरणात साहेब आत गेले. लगेच जानेवारीत निवडणूक. उमेदवारी तुरुंगातून, जामिनावर सुटल्यावर प्रचाराला जेमतेम दहा दिवस, आणि तरी विजय. पुढे 1951 मध्ये अपिलात ते निर्दोष ठरले, पण निइगातातल्या मतदाराला तोवर थांबायची गरज वाटली नव्हती.

आता खरं काम. कायदे वाचा. ही पायरी आळशी शिष्य हमखास गाळतात आणि मग नुसतेच भ्रष्ट राहतात. साहेबांच्या पुढाकाराने 33 कायदे झाले. त्यातली 1953 ची करामत बघा: पेट्रोलवरचा कर रस्त्यांसाठीच राखून ठेवायचा. गाड्या वाढल्या की पेट्रोल वाढणार, पेट्रोल वाढलं की रस्ते, रस्ते झाले की पुन्हा गाड्या. अर्थखात्याच्या दारात दरसाल हात पसरायची भानगडच संपली. 1957 मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी ते टपालमंत्री झाले आणि खात्याने वर्षानुवर्षं दाबून ठेवलेले टीव्ही केंद्रांचे परवाने डझनांनी वाटून टाकले. ज्याला परवाना तुमच्या हातून मिळालाय, त्याच्या बातम्यांचा सूर जरा नरमच लागतो.

मतदारसंघासाठी संघटना हवी, विचारसरणी नको. साहेबांची ‘एत्सुझानकाइ’ भरात असताना तिचे सुमारे 95 हजार सभासद होते. गावागावातून मागण्या यायच्या: इथे पूल, तिथे बर्फ वितळवणारा रस्ता. साठेक घरांच्या शिओदानी वस्तीलाही स्वतःचा बोगदा मिळाला. मतदारसंघातून पाच खासदार निवडायचे असत, तेव्हा सगळ्यांना खूश ठेवायची गरजच नव्हती. आपले तेवढे हलले नाहीत की झालं.

माणूस राखण्याचं तंत्र मात्र तोंडी आहे, घोकून घ्या. लग्न चुकलं तरी चालेल, मयत चुकवायची नाही. शिष्यांना त्यांचा उपदेश असे: आधी तीस हजार घरं फिर, पन्नास हजार वेळा चौकात भाषण कर, मग माझ्याकडे ये. आणि समोरच्याचं नाव विसरलात तर? सांगतात की साहेब सरळ विचारायचे, ‘नाव काय तुझं?’ तो म्हणायचा, ‘सुझुकी.’ ‘अरे, सुझुकी ते माहीतच आहे, पुढचं नाव विचारतोय!’ (जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून हे जमतं. मराठीत आधी पाहुण्यांची सवय बदलावी लागेल.)

एवढं झालं की पंतप्रधानपद फार लांब नाही. जुलै 1972 मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या (तो होतो तोच पंतप्रधान) पहिल्या फेरीत साहेबांना 156 मतं, प्रतिस्पर्धी फुकुदांना 150. दुसऱ्या फेरीत 282 विरुद्ध 190. वय 54. सप्टेंबरात बीजिंगला जाऊन चीनशी संबंध जोडले. तिथे एक धडा मिळतो: दुभाषाकडे लक्ष ठेवा. मेजवानीत युद्धाबद्दल ते ‘मेइवाकु’ म्हणाले, चिनीत त्याचं झालं किरकोळ ‘त्रास’, म्हणजे बाईच्या पदरावर चुकून पाणी सांडल्यावर दिलगिरीला वापरतात तो शब्द. हॉलमध्ये सन्नाटा.

देशभर बुलेट ट्रेन आणि महामार्गांचं जाळं विणण्याची योजना त्यांनी पुस्तकरूपाने आधीच छापली होती. इथे शिष्यांनी सावध राहावं. रस्ता कुठून जाणार हे छापून टाकलं की दलाल ते मतदारांपेक्षा बारकाईने वाचतात. जमिनीचे भाव भडकले, त्यात 1973 चा तेलाचा झटका, आणि 1974 मध्ये महागाई 20 टक्क्यांच्या वर. बायका टॉयलेट पेपरसाठी रांगेत. विरोधी पक्षाला जमलं नसतं ते या रांगांनी केलं.

पण साहेबांना खरं नडलं ते कागदाने. रोकडीचा माणूस, नाव, चेहरे, आकडे सगळं डोक्यात. मात्र जमीन घेतली की नोंद होते. शिनानो नदीच्या पात्रातली शेतजमीन त्यांच्या गोतावळ्यातल्या नुसत्या नावापुरत्या कंपनीने कवडीमोलाने घेतली, मग सरकारने तिथे बांध घातला आणि पात्राचं शहर झालं. ताकाशी ताचिबाना या पत्रकाराने नोंदणी कार्यालयांतले असलेच कागद जुळवून 1974 च्या शरदात एका मासिकात छापले. मोठ्या वर्तमानपत्रांना यातलं बरंच माहीत होतं, पण ती सभ्य होती. परदेशी वार्ताहरांनी भर जेवणावर प्रश्न विचारले, तेव्हा कुठे त्यांनाही बातमी सापडली. डिसेंबरात पद गेलं.

दुसरा कागद अमेरिकेतून आला. लॉकहीड या अमेरिकी कंपनीची विमानं खपवायला मारुबेनी कंपनीमार्फत साहेबांकडे 50 कोटी येन पोचले होते. (हो, पन्नास. आणि खोक्यांतच. योगायोग आहे, पुढे वाचा.) कोर्टात सिद्ध झालेले चार हप्ते असे: 10 कोटी ब्रिटिश वकिलातीजवळच्या रस्त्यावर, 15 कोटी टेलिफोन बूथपाशी, साडेबारा हॉटेल ओकुराच्या गाडीतळावर, शेवटचे साडेबारा मारुबेनीच्या अधिकाऱ्याच्या घरी. दहा हजारांच्या नोटांत 10 कोटी म्हणजे दहा हजार नोटा, वजन साधारण दहा किलो. पुठ्ठ्याचं खोकं पुरतं, एका माणसाला उचलतं. इथवर उत्तम. पण अमेरिकी कंपनीला हिशेब लागतो. पहिल्या हप्त्याची पावती झाली: ‘शंभर शेंगदाणे मिळाले.’ खाली सही. म्हणजे शेंगदाणा दहा लाखाला एक. 1976 च्या फेब्रुवारीत हे सगळं सिनेटच्या उपसमितीपुढे आलं, जुलैत अटक.

अटक झाली की घाबरून पक्षाला चिकटून बसू नका. साहेबांनी पक्ष सोडला आणि बाहेरून चालवला. सर्वांत मोठा गट त्यांचा, आणि ते स्वतः अपक्ष. ओहिरा, सुझुकी, नाकासोने हे तीन पंतप्रधान त्यांच्या मेजिरोच्या बंगल्यातून ठरले. बंगल्यावर जाण्याला नावच पडलं मेजिरोची वारी, आणि नाकासोने सरकारला ‘तानाकासोने’. 12 ऑक्टोबर 1983 ला कोर्टाने चार वर्षं कैद आणि 50 कोटी येन दंड सुनावला. डिसेंबरात निवडणूक: पक्षाचं बहुमत गेलं, साहेबांना 2 लाख 20 हजार 761 मतं, त्यांच्या कारकिर्दीतली सर्वाधिक. देशाच्या लेखी लाचखोर, निइगाताच्या लेखी आपल्या माणसाचा तोक्योने केलेला अपमान.

वारस तेवढा नेमून ठेवा. साहेबांनी नेमला नाही, म्हणून फेब्रुवारी 1985 मध्ये त्यांच्याच गटातल्या ताकेशितांनी ‘अभ्यासमंडळ’ काढलं. राजकारणी अभ्यासाला बसले की घरातली भांडी मोजून ठेवावीत. तीन आठवड्यांत साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. 1986 ला प्रचाराला न जाता ते पुन्हा पहिल्या क्रमांकाने निवडून आले. सर्वोच्च न्यायालयातलं अपील 16 डिसेंबर 1993 पर्यंत चालूच होतं, त्या दिवशी आरोपीच उरला नाही.

मिकुनीचा डोंगर जागेवर आहे, त्याच डोंगररांगेखालच्या बोगद्यातून बुलेट ट्रेन जाते. भातशेतीतल्या उरासा स्थानकावर उतरलात तर समोर साहेबांचा पुतळा दिसेल, उजवा हात वर केलेला. बर्फ पडू नये म्हणून त्याच्यावर छप्पर घातलंय.