मीटर लावा रे कोणीतरी!

गाडी सीएनजीवर व्यवस्थित चालते. पेट्रोलवर सुरूच होत नाही. सीएनजी किटचं बटण दाबून धरून थेट गॅसवर मारली की पहिल्या सेल्फला चालू. गॅरेजवाल्याला हे मी समोर करून दाखवलं. आता यातून माणसाने काय समजायचं? पेट्रोल पोचत नाहीये, एवढंच ना? पण या पठ्ठ्याने ठिणगी पाडणारे प्लग बदलले. चारही. मग त्या प्लगना करंट देणारी कॉइल बदलली. अरे बाबा, प्लग आणि कॉइल मेलेले असते तर गॅसवर काय उदबत्तीने पेटत होती का ती?

आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! आणि बंबाचे पैसे आमच्या खिशातून.

२००६ची गाडी आहे, जुनी आहे, मान्य. म्हणून तिच्यावर अंदाजपंचे दाहोदरसे पार्ट बदलत सुटायचं? इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाला पेट्रोल पोचवणारा फ्युएल पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. सेल्फ न मारता चावी नुसती ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक 'घूंऽऽ' येतं, लाइनमध्ये साधारण तीन बार प्रेशर भरतं आणि आवाज थांबतो. हे ऐकायला फुकट आहे. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने टाकीचं झाकण उघडून तोंडाशी कान लावायचा. आम्ही घरी तेच केलं. आत स्मशानशांतता. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "साहेब, आम्ही रोज हेच करतो."

रोज हेच करतो, तेच तर दुखणं आहे!

मग स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड काही आला नाही. येणार कुठून? या गाडीत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नाही. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या रिलेला हुकूम देतो आणि निवांत बसतो. टाकीत पंप फिरला की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. पण स्कॅनर गप्प म्हटल्यावर याच्या तोंडून काय निघावं? "ईसीएम गेला असेल." थेट ईसीएम! फ्यूज बघितला नाही, रिले बघितला नाही. शेजारी तसाच दुसरा रिले असतो, तो काढून इथे लावून बघायला किती वेळ लागतो?

खरी चाचणी तर दहा मिनिटांची. मागची सीट उचला, पंपाचा कनेक्टर काढा, व्होल्ट मोजायचा मीटर लावा, चावी ऑन करा. त्या दोन सेकंदांत १२ व्होल्ट आले, अर्थिंग ठीक आहे आणि तरी पंप फिरत नाही, म्हणजे पंप मेला. व्होल्ट आलेच नाहीत, तर पंपाला हात लावू नका, रिले आणि वायरिंग शोधा. संपलं. मीटर होता हो त्याच्याकडे. भिंतीवर खिळ्याला लटकलेला, ग्रीसने माखलेला, आणि आतला सेल संपलेला.

पद्मिनी-अँबॅसिडरच्या काळात निदान पंप इंजिनाला लावलेला, डोळ्यांना दिसायचा. घाटात तापून अडला तर ओलं फडकं टाकून बसायचे लोक. आता सीट उचलायचाच कंटाळा. (मध्येच तिथे बसलेल्या एका काकांनी ई-२०वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर, प्रवचन दिलं. हल्ली टायर पंक्चर झाला तरी ई-२०च.)

शेवटी गाडी गॅसवरच काढली आणि एका म्हाताऱ्या वायरमनकडे नेली. त्याने पोराला चावी फिरवायला सांगितली, स्वतः खाली वाकला आणि टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने दोन ठोके दिले. गाडी पेट्रोलवर चालू! "पंपाच्या मोटरचे कार्बन झिजलेत. आज चालेल, उद्या नाही," एवढंच बोलला. मग मीटर लावून खात्रीही केली. पुण्याच्या नाना पेठेतून, स्पेअर पार्टच्या बाजारातून, पंप आणला. जुना बाहेर काढला तर खालची जाळी काळीकुट्ट. सीएनजीवाल्यांचे पंप असेच जातात. टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवायचं, आणि पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पंप फिरत राहतो. पुण्यात एवढ्या सीएनजी गाड्या, म्हणजे असे पंप गॅरेजवाल्यांना काही नवीन नाहीत. तरी सुरुवात प्लगपासूनच!

आणि कळस ऐका. पहिल्या गॅरेजच्या बिलात प्लग, कॉइल, मजुरी, आणि खाली 'चेकिंग चार्जेस' पाचशे रुपये. विचारलं, कसलं चेकिंग? "स्कॅनर लावला होता ना साहेब." वर सल्ला मोफत: "जुनी झालीय, विकून टाका आता." गिऱ्हाईक पण आहे म्हणे त्याच्याकडे!