मागे डिस्क बसवली म्हणून घाट माफ होत नाही

मार्केट यार्डात माल आणणाऱ्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवा, तीही भोकांची. डॉट 5 ब्रेक ऑइल भरा. मग दीडपट माल भरा नि घाट न्यूट्रलवर उतरा, ब्रेक फेल होणारच नाही. पासिंगलाही अडचण नाही.’

आधी मागची डिस्क. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात आणि तिथे बहुतेक पिकअपना कंपनीचीच डिस्क असते. ड्रम ब्रेकमध्ये आतून घासणारा शू असतो, फिरता ड्रम त्याला ओढून आणखी घट्ट बसवतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, तिला दाब जास्त लागतो. पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर हिशेब बिघडतो. आणि हँडब्रेक? बहुतेक गाड्यांत तो मागच्या ड्रममध्येच असतो. त्याचं काय करायचं, ते मेसेजमध्ये नाही.

खरी मेख वेगळीच आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. हौदा मालाने खाली बसला की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, रिकामा असला की कमी. आपल्याकडे गाडी घेतली की पहिलं काम मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवण्याचं! मग भरलेला हौदाही वरच राहतो, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि ऐन ओझ्यात मागचा ब्रेक हलका लागतो. पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्टच्या बाजारात डिस्कच्या किटचा भाव विचारण्याआधी ही दांडी मेकॅनिककडून तपासून, जुळवून घ्या.

भोकांची डिस्क दिसते झकास. पण भोकं पाडली म्हणजे उष्णता झेलणारा धातू कमी झाला, आणि सतत तापल्यावर तडे जातात ते भोकांच्या कडेलाच.

डॉट 5 म्हणजे सिलिकॉनचं ऑइल. ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळत नाही. (डॉट 5.1 वेगळं, नावावर जाऊ नका.) डॉट 4 नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तो 155 वर येतो. ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट तळाला. म्हणून तेच डॉट 4 साधारण दोन वर्षांनी बदला, हवा नीट काढून घ्या.

दीडपट माल आणि न्यूट्रल हा तर कहरच. तीन टनांची गाडी 100 मीटर खाली उतरली की सुमारे 29 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात आठ लिटर पाणी उकळेल. इंजिनाने वाटा उचलला नाही तर जवळपास सगळी ब्रेकवर येते. माल दीडपट, तर उष्णताही दीडपट. त्यात इंधन वाचवायला इंजिनच बंद केलं तर पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगड होतं. पुण्यात नवले पुलाचा उतार रोज उतरणाऱ्यांना 20 नोव्हेंबर 2022 ची संध्याकाळ आठवत असेल, उतारावरच्या ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली ती.

पासिंगचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. पुढे चांगल्या प्रतीचे, त्याच मापाचे पॅड आणि मागे ड्रमच्या शूवर नवे लायनर टाकायला मात्र आरटीओत जावं लागत नाही.